एका सरोवराकाठच्या दोन परिषदा

जिनिव्हा सरोवराच्या दक्षिण काठावर, फ्रान्सच्या हद्दीत, एव्हियाँ नावाचे गाव आहे. बाटलीबंद पाण्यामुळे हे नाव आपल्याकडेही मोठ्या हॉटेलांतून दिसते. या गावातल्या ‘रोयाल’ नावाच्या आलिशान हॉटेलात ६ ते १५ जुलै १९३८ या काळात ३२ देशांचे प्रतिनिधी जमले होते. जर्मनी आणि ऑस्ट्रियातून हुसकावल्या जाणाऱ्या ज्यूंना कोणी, किती आणि कुठे घ्यायचे, हा विषय होता. त्याच सरोवराच्या पश्चिम टोकाला, एव्हियाँपासून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर, जिनिव्हा शहर आहे. तिथे २० आणि २१ जुलै १९७९ रोजी ६५ देशांचे प्रतिनिधी जमले. या वेळी विषय होता व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातून बाहेर पडलेल्या लोकांचा. पहिली परिषद दहा दिवस चालली आणि तिच्यातून जवळजवळ काहीच हाती लागले नाही. दुसरी दोन दिवसांत आटोपली आणि पुढच्या तीन वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसे नव्या देशांत वसली.

असे का झाले, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

मी इतिहासाचे शिक्षण घेतलेले नाही. नोकरी सांभाळून, रात्री आणि सुटीच्या दिवशी वाचत आलो. पूर्वी अशा विषयासाठी परदेशी ग्रंथालयाची पायरी चढावी लागे. आता परराष्ट्र खात्यांचे जुने पत्रव्यवहार, परिषदांची इतिवृत्ते आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे अहवाल घरच्या संगणकावर उघडता येतात. या विषयाकडे मी वळलो तो २०१५ साली. तेव्हा सीरियातून येणाऱ्या लोकांची युरोपातल्या देशांत वाटणी कशी करायची, यावर रोज बातम्या येत होत्या. ‘माणसांची वाटणी’ हा शब्दप्रयोग कानाला खटकत होता आणि तरीही दुसरा शब्द सापडत नव्हता. अशी वाटणी पूर्वी कधी जमली होती का, हे पाहावे म्हणून मी मागे मागे जात राहिलो आणि या सरोवराशी येऊन थांबलो.

या प्रश्नाचे एक सोपे उत्तर पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. महायुद्धातल्या संहाराने जगाला शरम वाटली, माणसे अधिक दयाळू झाली, म्हणून १९७९ साली दारे उघडली. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. अमेरिकेतल्या जनमत चाचण्या पाहाव्यात. जुलै १९३८ मध्ये ‘फॉर्च्युन’ मासिकाने विचारले, तेव्हा दोन तृतीयांश लोकांनी निर्वासितांना बाहेरच ठेवावे असे सांगितले. जुलै १९७९ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी इंडोचायनातल्या निर्वासितांची संख्या दुप्पट करायचे ठरवले, तेव्हाही साठ टक्क्यांहून अधिक लोक नाराज होते. चाळीस वर्षांत लोकांच्या मनात फारसा फरक पडलेला नव्हता. फरक पडला होता तो टेबलाभोवतीच्या मांडणीत.

तीन वाटा

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. देश सोडून आलेल्या माणसाचे पुढे काय करायचे, याला तीनच वाटा असतात. तो परत जाईल; आला तिथेच कायमचा राहील; किंवा तिसरा एखादा देश त्याला नेऊन वसवेल.

आपल्या परिचयाची उदाहरणे बहुतेक पहिल्या दोन वाटांची आहेत. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी लोक भारतात आले. तेव्हा भारताने जगाला बजावले, की आम्ही यांना तात्पुरते सांभाळू, पण कायमचे वसवणार नाही. यांनी परत गेले पाहिजे. बांगलादेश झाल्यावर काही महिन्यांत बहुतेक लोक परत गेले. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची पोलिश छावणी मराठी वाचकाला ठाऊक आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. सोव्हिएत रशियातून इराणमध्ये आलेल्या पोलिश कुटुंबांची तेव्हा हिंदुस्थान, पूर्व आफ्रिका, मेक्सिको आणि न्यूझीलंड अशी वाटणी झाली होती. ती जमली, कारण खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारने उचलायचा आणि मुक्काम युद्ध संपेपर्यंतचा, असे सुरुवातीलाच गृहीत होते. पाहुणा किती दिवसांचा आणि शिधा कोणाचा, हे ठरलेले असले की दार उघडणे सोपे जाते.

तिसरी वाट अवघड असते. तिच्यात माणूस कायमचा येतो, नागरिक होतो, त्याची मुले तिथल्या शाळेत जातात. एव्हियाँ आणि जिनिव्हा या दोन्ही परिषदा या तिसऱ्या वाटेसाठी होत्या.

एव्हियाँ : निमंत्रणपत्रातच संपलेली परिषद

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि व्हिएन्नातल्या परदेशी वकिलातींपुढे रांगा लागल्या. त्याच महिन्यात अध्यक्ष रूझवेल्ट यांनी परिषदेची कल्पना मांडली. ती आपल्या भूमीवर नको, असे स्वित्झर्लंडने कळवले. शेजारच्या जर्मनीला दुखवायचे नव्हते. मग फ्रान्सने एव्हियाँची जागा दिली.

माझ्या मते या परिषदेतला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे तिचे निमंत्रण. त्यात दोन आश्वासने होती. कोणत्याही देशाने आपल्या चालू कायद्यात बसतात त्यापेक्षा जास्त लोक घ्यावेत अशी अपेक्षा केली जाणार नाही, हे पहिले. खर्च सरकारांनी करायचा नसून खासगी संस्थांनी करायचा आहे, हे दुसरे. पॅलेस्टाइनचा विषय काढू नये, ही ब्रिटनची अट होती, तीही पाळली गेली. म्हणजे जागा, पैसा आणि सर्वांत जवळचा मुलूख या तिन्ही गोष्टी चर्चेला बसण्यापूर्वीच बाजूला झाल्या होत्या. उरली ती सहानुभूती, आणि ती भरपूर व्यक्त झाली.

अमेरिकेने मुत्सद्द्याऐवजी मायरन टेलर या पोलाद उद्योगातल्या माजी अध्यक्षांना पाठवले. परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. जर्मनी आणि ऑस्ट्रिया मिळून वर्षाला २७,३७० हा आपला ठरलेला कोटा आपण पूर्ण वापरू, असे त्यांनी सांगितले. यात नवी जागा एकही नव्हती. आजवर अडवून ठेवलेल्या जागा मोकळ्या करण्याचे हे आश्वासन होते. ब्रिटनतर्फे लॉर्ड विंटरटन म्हणाले, की आमचा देश दाट वस्तीचा आहे आणि बेकारीही आहे. फ्रान्सचे आँरी बेराँजे म्हणाले, की आम्ही आता पार भरलो आहोत. त्यात तथ्य होते. १९३३ पासून फ्रान्सने पुष्कळ लोक घेतले होते. ऑस्ट्रेलियाचे टी. डब्ल्यू. व्हाइट यांनी तर आपल्याकडे वांशिक प्रश्न नाही आणि तो आयात करण्याची आपली इच्छा नाही, अशा अर्थाचे विधान उघड उघड केले. लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक देशांनी शेतकरी चालतील, व्यापारी आणि वकील नकोत असे सुचवले. येणारे बहुसंख्य लोक शहरी होते, हे सगळ्यांना ठाऊक होते.

एका देशाने मात्र आकडा उच्चारला. डोमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा राफाएल त्रुहियो याने एक लाखापर्यंत लोक घेण्याची तयारी दाखवली. आदल्याच वर्षी त्याच्या सैन्याने हजारो हैतीयन लोकांची कत्तल केली होती आणि त्याला आपले नाव धुऊन काढायचे होते. प्रत्यक्षात सोसुआ या किनारी गावात काही शे माणसेच वसली. तरीही त्या काही शे माणसांचे प्राण वाचले, आणि ते वाचवणारे हात स्वच्छ नव्हते. या विषयात अशा गाठी वारंवार लागतात.

ज्यांच्याविषयी चर्चा होती त्यांचे स्थान काय होते? ज्यूंच्या आणि इतर मदतसंस्थांना एका उपसमितीपुढे, एकाच दुपारी, प्रत्येकी काही मिनिटे बोलू दिले गेले. पुढे इस्राएलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेयर तिथे होत्या, पण निरीक्षक म्हणून. त्यांना बोलण्याचा अधिकार नव्हता.

दहा दिवसांनी एक समिती नेमून परिषद संपली. समितीचे संचालक जॉर्ज रुब्ली यांनी पुढे जर्मनीशी बोलणी केली. जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष ह्याल्मार शाख्त यांचा प्रस्ताव असा होता, की ज्यूंची मालमत्ता अडकवून ठेवायची, तिच्या तारणावर बाहेरच्या ज्यूंनी कर्ज उभारायचे आणि त्या पैशावर सुमारे दीड लाख कमावत्या वयाच्या लोकांना काही वर्षांत बाहेर सोडायचे. ओलीस ठेवलेल्या माणसांची ही खंडणीच होती. बोलणी रेंगाळली आणि सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धात बुडाली.

एव्हियाँच्या ३२ देशांत हिंदुस्थानचे नाव नव्हते. ब्रिटन बोलेल ते त्याचे बोलणे. तरीही काही माणसे मुंबईपर्यंत पोहोचलीच. प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या पाठीशी उभे राहिलेले रुडॉल्फ फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर हे तिघेही नाझी राजवटीमुळे युरोप सोडून आलेले होते. ते आले ते एकेकटे, कोणाची ओळख किंवा कुठली नोकरी धरून. ज्याला ओळख नव्हती त्याच्यासाठी व्यवस्था हवी होती, आणि ती एव्हियाँत झाली नाही.

त्याचा अर्थ काय होतो, हे पुढच्याच उन्हाळ्यात दिसले. मे १९३९ मध्ये ‘सेंट लुइस’ हे जहाज ९३७ प्रवाशांना घेऊन हॅम्बुर्गहून क्युबाला निघाले. क्युबाने मोजक्या लोकांना उतरवून घेतले आणि बाकीच्यांना नकार दिला. अमेरिकेचा किनारा दिसत असूनही तिथे परवानगी मिळाली नाही. जहाज परत फिरले. मग घाईघाईत चार देशांत वाटणी झाली. ब्रिटनने २८८, फ्रान्सने २२४, बेल्जियमने २१४ आणि हॉलंडने १८१ जणांना घेतले. तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वर्षभरात जर्मन सैन्य फ्रान्स, बेल्जियम आणि हॉलंडमध्ये शिरले. या प्रवाशांपैकी २५४ जण संहारात मारले गेले. कोणाच्या वाट्याला कोणता देश आला, यावर जगणे-मरणे ठरले.

समुद्रावरची माणसे

एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडले आणि अमेरिकेचे युद्ध संपले. पहिल्या लोंढ्यात अमेरिकेशी संबंध असलेले लोक बाहेर पडले. १९७८ पासून चित्र बदलले. मार्चमध्ये व्हिएतनाम सरकारने दक्षिणेतला खासगी व्यापार बंद केला. त्याचा सर्वांत मोठा फटका चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांना बसला. पुढे चीनशी संबंध बिघडले आणि या समाजाला देशात राहणे कठीण झाले. कित्येक ठिकाणी अधिकारीच माणशी सोने घेऊन त्यांना होड्यांत बसवून देत. शाख्तच्या प्रस्तावाची इथे आठवण होते.

त्या वर्षाच्या नोव्हेंबरात ‘हाय हाँग’ नावाची जुनी मालवाहू बोट सुमारे अडीच हजार माणसे घेऊन मलेशियाच्या क्लांग बंदराबाहेर उभी राहिली. मलेशियाने उतरू दिले नाही. अखेर कॅनडा, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, अमेरिका आदी देशांनी ती माणसे वाटून घेतली. पण होड्या येतच राहिल्या. मलेशियाच्या पुलाऊ बिडाँग या बेटावर जेमतेम एक चौरस किलोमीटर जागेत १९७९ च्या जूनमध्ये सुमारे चाळीस हजार माणसे राहत होती. त्या एका महिन्यात आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवर पन्नास हजारांहून अधिक लोक येऊन लागले. तोवर साडेपाच लाखांहून अधिक लोक बाहेर पडले होते. दोन लाखांच्या आसपास कुठे ना कुठे वसले होते आणि सुमारे साडेतीन लाख छावण्यांत अडकले होते. छावणीतून एक माणूस बाहेर जाई, तोवर तीन आत येत.

जूनच्या मध्यात थायलंडने बेचाळीस हजारांहून अधिक कंबोडियन लोकांना बसमधून डोंगराच्या कड्यावर नेले आणि बंदुकीच्या धाकाने खाली, सुरुंग पेरलेल्या उतारावरून, परत ढकलले. कित्येक शे माणसे त्यात मेली. मलेशियात होड्या परत समुद्रात ओढून नेण्यात येत होत्या आणि मंत्रिपातळीवरून गोळ्या घालण्याची भाषा निघाली. नंतर तिच्यावर सारवासारव झाली. ३० जूनच्या सुमारास इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड या पाच देशांनी एकत्र जाहीर केले, की आमची सहनशक्ती संपली आहे. यापुढे एकही नवा माणूस घेणार नाही.

हे वाक्य आपण याआधी ऐकले आहे. आम्ही पार भरलो आहोत, असे बेराँजे एव्हियाँत म्हणाले होते. १९३८ साली या वाक्याने चर्चा संपली. १९७९ साली त्याच वाक्याने चर्चा सुरू झाली. दोन परिषदांतला फरक समजून घ्यायचा तर इथे थांबून पाहावे लागते.

एव्हियाँत ‘भरलो’ म्हणणाऱ्यांवर कसला दाब नव्हता. ज्यू जर्मनीच्या कुंपणाआड होते. त्यांना न घेणे म्हणजे वकिलातीत एक अर्ज फेटाळणे. १९७९ साली नकार देणाऱ्यांच्या किनाऱ्यावर माणसे उभी होती आणि नकाराची छायाचित्रे जगभर छापली जात होती. शिवाय हे पाच देश अमेरिकेला शीतयुद्धात हवे होते. त्यांनी मिळून, एका आवाजात धमकी दिली. ती क्रूर होती आणि तिची किंमत कड्यावरून ढकललेल्या माणसांनी चुकवली. पण तिने श्रीमंत देशांना आकडा सांगायला भाग पाडले, हेही खरे आहे.

जिनिव्हा : आकड्यांची परिषद

परिषद संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांनी बोलावली होती. निर्वासितांसाठीचे उच्चायुक्त पॉल हार्टलिंग तयारीला लागले होते. खरे काम परिषदेआधीच्या तीन-चार आठवड्यांत झाले. टोकियोत सात बड्या देशांची बैठक झाली तेव्हाच कार्टर यांनी महिन्याला ७,००० ऐवजी १४,००० लोक घेण्याचे जाहीर केले. कॅनडाने १८ जुलैला आपला आकडा ५०,००० वर नेला. जपानला माणसे फारशी नको होती. त्याने उच्चायुक्तालयाच्या इंडोचायना कार्यक्रमाचा निम्मा खर्च उचलायचे कबूल केले. प्रतिनिधी जिनिव्हात उतरले तेव्हा प्रत्येकाच्या कागदावर काहीतरी लिहिलेले होते. शेवटी बेरीज झाली तेव्हा आधीच्या १,२५,००० ऐवजी २,६०,००० जागा आणि सुमारे १६ कोटी डॉलरची मदत जमा झालेली होती.

सौदा तिपेडी होता. पाच शेजारी देशांनी होड्यांना तात्पुरता आसरा द्यायचा. दूरच्या देशांनी तिथून माणसे उचलायची. आणि व्हिएतनामने, जो या वेळी टेबलापाशी बसलेला होता, बेकायदा होड्या थांबवायच्या आणि ज्यांना जायचे आहे त्यांना विमानाने, कागदपत्रे करून जाऊ द्यायचे. प्रत्येक पेड दुसऱ्यावर अवलंबून होता. दूरच्या देशाने आकडा पाळला नाही तर शेजारी दार लावणार. शेजाऱ्याने होडी ढकलली तर दूरच्या देशात गहजब होणार.

लहान वाटणाऱ्या एका अडचणीवर काढलेला तोडगा मला फार बोलका वाटतो. भर समुद्रात बुडती होडी दिसली तरी मालवाहू जहाजाचे कप्तान वळसा घालून निघून जाऊ लागले होते. माणसे वर घेतली तर पुढच्या बंदरात ती उतरवू देत नसत, कारण त्यांना पुढे कोण नेणार हे ठरलेले नसे. जहाज अडकले की मालकाचा रोजचा तोटा. मग आठ देशांनी मिळून हमी दिली, की निर्वासित न घेणाऱ्या देशाचा झेंडा लावलेल्या जहाजाने वाचवलेली माणसे आम्ही वाटून घेऊ. कप्तानाला कोणी दयाळू व्हायला सांगितले नाही. दया दाखवल्याबद्दल त्याला जो भुर्दंड पडत होता, तो काढून टाकला.

एव्हियाँची सावलीही या परिषदेवर होती. अमेरिकेचे उपाध्यक्ष वॉल्टर माँडेल यांनी भाषणात ४१ वर्षांपूर्वीच्या त्या बैठकीची आठवण दिली. तेव्हाच्या ३२ देशांनी प्रत्येकी १७,००० ज्यू घेतले असते तर जर्मन राज्यातले सगळे वाचले असते, असा हिशेब त्यांनी मांडला. भागाकार बरोबर आहे. साडेपाच लाखांच्या आसपास आकडा येतो. पण समान वाटणी म्हणजे न्याय्य वाटणी नव्हे. अमेरिकेला १७,००० आणि एखाद्या लहान प्रजासत्ताकाला १७,००० हे ओझे सारखे नाही. जिनिव्हात कोणी भागाकार केला नाही. ज्याला जे झेपेल आणि ज्याला जे परवडेल, माणसे, पैसा किंवा तात्पुरती जागा, ते त्याने टाकायचे, असा तो हिशेब होता.

कॅनडाचे उदाहरण तर माझ्यासारख्या कागद चाळणाऱ्याला धीर देणारे आहे. १९३३ ते १९४५ या बारा वर्षांत त्या विशाल देशाने पाच हजारांच्या आसपास ज्यू घेतले होते. अर्व्हिंग अबेला आणि हॅरल्ड ट्रोपर या दोन इतिहासकारांनी जुने सरकारी दप्तर चाळून हे नकार कसे लिहिले गेले, ते शोधून काढले. त्यांच्या लेखाचे हस्तलिखित १९७९ साली इमिग्रेशन मंत्री रॉन अ‍ॅटकी यांच्याकडे पोहोचले. आपल्या निर्णयावर त्याचा परिणाम झाला, असे अ‍ॅटकी यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. पण एवढ्याने काम झाले नसते. १९७६ च्या कायद्याने निर्वासित हा वेगळा वर्ग मानला होता आणि पाच-सहा नागरिक किंवा एखादे चर्च मिळून एका कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी घेऊ शकत होते. ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांपुरते दार उघडे ठेवण्याचे धोरण १९७३ साली सोडले होते. अमेरिकेने वंशावर बेतलेले कोटे १९६५ साली रद्द केले होते. एव्हियाँत ‘चालू कायदा’ ही भिंत होती. १९७९ पर्यंत त्या भिंतीला दारे पडलेली होती.

किंमत

आतापर्यंतचे वाचून जिनिव्हाची परिषद म्हणजे यशोगाथा वाटेल. तिचा जमाखर्च पूर्ण मांडायला हवा.

जुलैनंतर होड्यांची संख्या झपाट्याने उतरली. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत दरमहा अडीच-तीन हजारच लोक येत होते. जगाने समाधान मानले. पण संख्या उतरली याचा अर्थ लोकांना जायचे नव्हते असा नाही. व्हिएतनामने किनाऱ्यावर पहारे बसवले होते. आपला देश सोडून जाण्याचा हक्क मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात लिहिलेला आहे, आणि इथे जगातली सरकारे एका सरकारला सांगत होती, की तुमच्या माणसांना अडवा. शेजाऱ्यांचे दार उघडे राहावे म्हणून मागचे दार बंद केले गेले. विमानाने जाण्याची सोय सुरू झाली आणि पुढच्या काळात सहा लाखांहून अधिक व्हिएतनामी त्या वाटेने सुखरूप गेले, हे खरे. ज्यांना त्या यादीत जागा मिळणार नव्हती, त्यांच्यासाठी मात्र होडीच होती.

आणखी एक. ज्या कंबोडियन लोकांना जूनमध्ये कड्यावरून ढकलले, त्यांच्यासाठी जिनिव्हात कोणी सौदा मोडायला तयार नव्हते. थायलंडला सौद्यात ठेवायचे होते.

आकडा ठरवला की आणखी एक अडचण येते. पुढच्या देशात घर मिळण्याची खात्री झाली, की लोक त्या खात्रीकडे येऊ लागतात. १९८८ पर्यंत होड्या पुन्हा वाढल्या आणि देशांचा उत्साह आटला. जून १९८९ मध्ये पुन्हा जिनिव्हात परिषद भरली आणि नवा करार झाला. ठरलेल्या तारखेपूर्वी छावणीत पोहोचलेल्यांना तिसरा देश मिळणार. नंतर आलेल्यांची चौकशी होणार आणि खरे निर्वासित न ठरणाऱ्यांना परत पाठवणार. बहुतेक देशांत ही तारीख होती १४ मार्च १९८९. १३ मार्चला लागलेली होडी आणि १५ मार्चला लागलेली होडी यांत दोन दिवसांचे अंतर होते. त्या दोन दिवसांवर कोणी कॅलिफोर्नियात गेला आणि कोणी कुंपणाआड वर्षे काढून परत हनोईला. त्याच डिसेंबरात हाँगकाँगमधून ५१ जणांना पहाटेच्या अंधारात विमानात घालून परत धाडले. चौकशीत काही ठिकाणी लाचेचे आरोपही झाले. १९९६ साली कार्यक्रम आवरला तोवर एक लाखाहून अधिक लोक परत गेले होते. १९७५ पासून मोजले तर तिसऱ्या देशांत वसलेल्यांची संख्या तेरा लाखांच्या पुढे जाते.

तेरा लाख आणि कड्यावरून ढकललेले बेचाळीस हजार, हे दोन्ही आकडे एकाच खात्यातले आहेत. एकाने दुसरा फिटत नाही.

त्यानंतर

शीतयुद्ध संपल्यावर असा मोठा सौदा पुन्हा क्वचितच जमला. साम्यवादातून पळालेला माणूस पाश्चात्त्य देशांना आपल्या बाजूचा पुरावा वाटत असे. ते मोल राहिले नाही. २०१५ साली युरोपीय संघाने इटली आणि ग्रीसमधून १,६०,००० लोक इतर सदस्य देशांत वाटायचे ठरवले. आकडा होता, कायद्याचे बळ होते, पैसाही होता. दोन वर्षांनी पस्तीस हजारांच्या आसपास लोकच हलले होते. हंगेरी, स्लोव्हाकिया, चेक प्रजासत्ताक आणि रुमानिया यांनी विरोधात मत दिले होते. बहुमताने त्यांच्यावर आकडा लादला गेला. जिनिव्हात आकडा प्रत्येकाने स्वतः बोलून दाखवला होता, तोही शेजाऱ्याच्या आकड्याकडे डोळा ठेवून. डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने निर्वासितांविषयी एक जागतिक संकल्पपत्र १८१ मतांनी मान्य केले. त्यात ओझे आणि जबाबदारी वाटून घेण्याविषयी पुष्कळ लिहिले आहे. ते कोणावरही बंधनकारक नाही.

सध्या जगातले बहुतेक निर्वासित शेजारच्याच, फारशा श्रीमंत नसलेल्या देशांत राहतात आणि तिसऱ्या देशात वसवल्या जाणाऱ्यांचे प्रमाण अगदी थोडे आहे. त्यामुळे अशा परिषदा होत राहतील आणि त्यांच्या बातम्या येत राहतील. बातमी वाचताना मी आता भाषणे नंतर पाहतो. आधी निमंत्रणपत्र मिळते का ते शोधतो. त्यात कोणत्या गोष्टी चर्चेतून आधीच वगळल्या आहेत, माणसे बाहेर काढणारा देश बोलावला आहे का, आणि येताना प्रत्येकाने आकडा आणावा असे सांगितले आहे का, हे पाहतो. एवढे कळले की पुढचे बरेचसे कळते. मग एक प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर कुठल्याच इतिवृत्तात सापडत नाही : हा सौदा जमावा म्हणून या वेळी कोणाला कड्यावर नेऊन उभे केले आहे?